माळावरचे ऊबदार ठिपके : सोलापुरात दिवसाउजेडी थर्मल दुर्बिणीने पक्षी शोधताना

गुरुवार, रात्री

थर्मल दुर्बीण म्हटली की रात्रीचे रान डोळ्यांपुढे येते. उसात शिरलेली रानडुकरे हुडकायला किंवा बिबट्याचा ठावठिकाणा लावायला ती वापरतात, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. माझे कुतूहल मात्र दिवसाचे होते. माळरानावरचे कितीतरी पक्षी भर उजेडात आपल्यासमोर बसलेले असतात आणि तरीही दिसत नाहीत. रातवा, करवानक, धाविक, लावा, पखुर्डी यांचा रंग मातीचा आणि वाळल्या गवताचा असतो, आणि धोका जाणवला की उडण्याऐवजी जमिनीला चिकटून निपचित बसायचे ही त्यांतल्या बहुतेकांची रीत. त्यामुळे ते आपल्याला दिसतात ते बहुधा पायापासून हातभर अंतरावरून भुर्रकन उडाल्यावरच, म्हणजे सावलीतून किंवा अंड्यांवरून आपण त्यांना उठवल्यावर. हे उठवणे टाळता येईल का, एवढाच प्रश्न मनात धरून फेब्रुवारीच्या अखेरीस मी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूर गाठले.

दुर्बीण ज्यांची, ते माझे मित्र सोलापुरातच भौतिकशास्त्र शिकवतात. कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीवर रात्रीचे जेवण चालू असताना त्यांनी उपकरणाची ओळख करून दिली. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते आणि ही दुर्बीण त्यांतले साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण टिपते. ती स्वतः काहीही सोडत नाही. टॉर्चसारखा प्रकाश नाही, म्हणून पक्ष्याला तिचा उपद्रव होत नाही. “पण एक लक्षात ठेवा,” ते म्हणाले, “ही गरम काय आहे ते दाखवत नाही, आजूबाजूपेक्षा वेगळे काय आहे ते दाखवते. सगळेच सारखे तापले, तर समोर हत्ती असला तरी तो दिसायचा नाही.” पुढचे सगळे दिवस मी माळावर हेच वाक्य तपासत होतो.

शुक्रवार : नान्नज

पहाटे अंधारातच बार्शी रस्त्याने निघालो. नान्नज सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. शेते, गावे, शहरे असे सगळेच त्यात येत असल्याने पुढे तो सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणला गेला. ज्या पक्ष्यासाठी हे सारे झाले, तो आता देशभर मिळूनही दीडशेच्या आसपासच उरला आहे आणि नान्नजला अलीकडे क्वचितच नजरेस पडतो. वन विभागाची परवानगी आम्ही आधीच घेतली होती. सोबत आलेल्या वनरक्षकांशी आरंभीच एक गोष्ट पक्की करून घेतली, की माळढोकाचा शोध या दुर्बिणीने घ्यायचा नाही. विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत कुतूहलाला आवर घालणे हाच शहाणपणा आहे, असे मला वाटते.

गाडीतून उतरण्यापूर्वीच पहिला धडा मिळाला. मी बंद काचेतून दुर्बीण रोखली, तर तिच्यात माळाऐवजी माझाच धूसर चेहरा दिसू लागला. साधी काच या किरणांना पार जाऊ देत नाही, उलट काही प्रमाणात परावर्तित करते. म्हणूनच अशा दुर्बिणीचे भिंग जर्मेनियम या धातुसदृश मूलद्रव्याचे असते. गाडी हीच लपण म्हणून वापरायची, तर काच पूर्ण खाली करावी लागते.

सूर्योदयाला अर्धा तास बाकी होता. रात्रभर निरभ्र आकाशाखाली उघडे पडलेले कुसळी आणि पवन्याचे गवत हवेपेक्षाही गार झाले होते, त्यामुळे पडद्यावर सारा माळ एकसारखा करडा दिसत होता आणि त्यावर काळविटांचा कळप लख्ख पांढरा उठला होता. दूरच्या तारेच्या कुंपणापाशी एक खोकड बसले होते, ते साध्या दुर्बिणीतून शोधायला मला मित्राच्या बोटाचा आधार घ्यावा लागला. मग नजर सरावली आणि गवताच्या बुडाशी बारीक ठिपके दिसू लागले. ते चंडोल होते, रात्रीच्या जागेवरून अजून न हललेले. येथे थोडे गणित करावे लागते. आमच्या दुर्बिणीचा संवेदक ३८४ गुणिले २८८ बिंदूंचा आणि भिंग ३५ मिलिमीटरचे आहे. त्यामुळे शंभर मीटरवर तिचा एक बिंदू जमिनीवरचे जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यापतो. पंधरा सेंटिमीटरचा चंडोल तिथे चार बिंदूंत संपतो. चार बिंदूंवरून तो चंडोल की त्याच्यासारखाच डोंबारी पक्षी हे कोणालाही सांगता येणार नाही. तेव्हा थर्मल दुर्बिणीने जागा हेरायची, तिच्याजवळचे एखादे झुडूप किंवा दगड खूण म्हणून लक्षात ठेवायचा आणि मग आठ पट मोठे दाखवणारी नेहमीची दुर्बीण त्या खुणेवर लावायची, अशी पद्धत आम्ही ठरवली. ती अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण एका पडद्यावरचा करडा माळ आणि दुसऱ्यातला सोनेरी माळ एकमेकांशी जुळवून पाहणे डोळ्यांना नवे असते.

एका ठिकाणी गवतात ओंजळीएवढा उजळ डाग दिसला, पण साध्या दुर्बिणीत तिथे काहीच नव्हते. वनरक्षक म्हणाले, “ससा होता तिथं. आत्ताच उठून गेला.” त्याच्या अंगाची ऊब मातीत राहिली होती, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो डाग फिका होत दोनेक मिनिटांत विझला.

सूर्य वर आला आणि चित्र पालटू लागले. पावणेसातच्या सुमारास कोवळे ऊन आडवे पडले तेव्हा गवताचे शेंडे आधी उजळले. आठ वाजेपर्यंत मुरमातले काळे दगड तापले आणि प्रत्येक दगड पक्ष्यासारखा चमकू लागला. दख्खनच्या या काळ्या पाषाणाची आणि त्यापासून बनलेल्या मुरमाची ऊन शोषण्याची ताकद केवढी आहे, हे मला त्या तासाभरात कळले तसे कोणत्याही पुस्तकातून कळले नव्हते. वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या, वारुळे, कुंपणाचे सिमेंटचे खांब, सगळेच उजळ. अशा वेळी पक्षी गरम असून उपयोग नसतो, कारण त्याची पार्श्वभूमीही त्याच्याइतकीच गरम झालेली असते. सकाळ आणि संध्याकाळ मिळून दिवसातून दोनदा अशी वेळ येते, की वस्तू आणि तिच्या मागची जमीन यांचे तापमान एकमेकांना ओलांडून जाते आणि त्या सुमारास पडद्यावर काहीच वेगळे उठून दिसत नाही.

मग मित्राने जागा बदलायला सांगितले. उघडा माळ सोडून आम्ही एका कोरड्या ओढ्यात उतरलो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारावर दुर्बीण लावली. त्या उतारावर ऊन अजून पोहोचले नव्हते, तिथले दगड रात्रीइतकेच थंड होते आणि पडदा पुन्हा शांत करडा झाला होता. सुबाभळीच्या एका खोडाखाली, पालापाचोळ्यात, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक तेजस्वी बिंदू आणि त्याच्या मागे अगदी फिकट लांबट सावट दिसले. साध्या दुर्बिणीतून मी त्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिलो. पाने, काटक्या, एक वाळकी शेंग, पुन्हा पाने. मग त्या पानांतल्या एका पानाला मिटत आलेली डोळ्याची फट आहे हे लक्षात आले, आणि तिथून पुढे गळ्याचा पांढुरका पट्टा, खांद्यावरचे पिवळसर काठ, शेपटीवरची रेघारेघांची नक्षी असा अख्खा रातवा एकेक करत उलगडला. तो चौदा-पंधरा पावलांवर होता. आम्ही ओढ्यात उभे होतो आणि तो जागचा हलला नाही.

त्या बिंदूचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पक्ष्याच्या शरीराचे आतले तापमान ४० ते ४२ अंश सेल्सियस असते, माणसापेक्षा बरेच जास्त. पण पिसांचे आवरण इतके चोख असते की त्याचा बाहेरचा पृष्ठभाग जवळजवळ भोवतालच्या हवेइतकाच राहतो. ऊब बाहेर पडते ती डोळा, डोळ्याभोवतीची त्वचा, चोच आणि पाय या उघड्या भागांतून. म्हणून पाठमोरा बसलेला पक्षी थर्मल दुर्बिणीलाही सहज चकवतो, आणि त्याने मान वळवली की एकदम प्रकट होतो. शिवाय ही दुर्बीण पानाआडचे काही दाखवत नाही. एक पान मध्ये आले तरी त्या पानाचेच तापमान दिसते. झुडपातून आरपार दिसते हा गैरसमज मनातून काढून टाकलेला बरा.

शनिवार : ज्वारीचा फड आणि पाझर तलाव

शुक्रवारचा सूर्यप्रकाश पाहून आम्ही वेळेचे नियोजन बदलले होते. पहाटेचा पाऊण तास उघड्या जमिनीसाठी आणि त्यानंतरचा वेळ सावलीसाठी, असे ठरवून आम्ही हिप्परग्याच्या बाजूला गेलो. येथला एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. आदिला नदीवरच्या या पाण्याकडे हिवाळ्यात बदके आणि चिखलपायटे पक्षी येतात. काठाच्या ओल्या गवतात पाणलावे शोधण्याचा प्रयत्न केला आणि तो चांगला साधला, कारण ओली माती उशिरापर्यंत थंड राहते. ज्या कडेवरून चालताना एरवी एकापाठोपाठ एक पाणलावा वेडावाकडा उडत गेला असता, ती कड आम्ही लांबूनच पाहून बाजूने गेलो. तलावावर अधिक वेळ घालवला नाही, कारण उघड्या पाण्यावरचे पक्षी पाहायला हे उपकरण लागत नाही.

खरे काम पुढच्या गावच्या शिवारात होते. सोलापूरकडे मालदांडी ज्वारीची काढणी या दिवसांत सुरू असते. एका कोपऱ्यातून काढणी करत माणसे पुढे सरकतात तसे लावे उरलेल्या उभ्या पिकात आणि बांधाच्या गवतात गोळा होतात. मित्राच्या ओळखीचे शेतकरी, ज्यांना सगळे गाव अण्णा म्हणते, बांधावर आमची वाट पाहत होते. “काय दिसतंय का ओ त्यात?” म्हणत त्यांनी दुर्बीण हातात घेतली, थोडा वेळ बायकोकडे आणि बैलांकडे पाहिले आणि मग गंभीरपणे बांधाच्या कडेने फिरवू लागले. उभ्या ज्वारीत काही दिसत नव्हते. ताटांची आणि पानांची गर्दी दुर्बिणीला अडवत होती. बांधाच्या पश्चिम अंगाला मात्र, जिथे दोन ताटांच्या मधून गवताच्या बुडाशी एक फट होती, तिथे अण्णांनाच तो ठिपका सापडला. “हितं कायतरी हाय बघा,” ते हळू आवाजात म्हणाले.

लावा अंड्यांवर बसली होती. गवताच्या बुंध्याशी वाटीएवढ्या खळग्यात ती इतकी दबून होती की साध्या दुर्बिणीत तिच्या पाठीच्या बारीक पांढऱ्या रेषा वाळल्या काड्यांत मिसळून गेल्या होत्या. फक्त डोळा तेवढा ओला, काळा आणि उघडा होता. काढणीवाल्या बायका तिथून वीस-पंचवीस पावलांवर पोहोचल्या होत्या. अण्णांनी त्यांना हाक मारून बांधालगतच्या दोन ओळी उभ्याच ठेवायला सांगितल्या आणि खूण म्हणून एका ताटाला फडक्याची चिंधी बांधायला घेतली. ती चिंधी घरट्याच्या नेमक्या जागी न बांधता दहा पावले अलीकडे बांधावी, असे मी सुचवले. कावळे आणि मुंगूस अशा खुणांकडे फार लवकर वळतात.

जर्मनीत गवत कापण्याआधी पहाटे ड्रोनवर थर्मल कॅमेरे लावून कुरणात दडलेली हरणांची पाडसे शोधतात आणि यंत्र फिरण्यापूर्वी ती बाजूला नेतात. तिथेही हे काम सूर्य वर येण्याआधी उरकावे लागते. आपल्याकडे काढणी हाताने होते, माणूस दर पावलाला जमीन पाहत पुढे जातो, म्हणून ड्रोनचीही गरज नाही. कापणीच्या दिवशी पहाटे एकाने बांध फिरून यायचे, एवढेच काम. आता या भागातही कापणीयंत्रे येऊ लागली आहेत आणि यंत्राच्या पात्याला ती दबून बसण्याची सवय कामाची नाही. हा मुद्दा मला सगळ्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचा वाटला.

साडेआठनंतर आम्ही जवळच्या पाझर तलावाच्या भरावामागे बसलो. पखुर्ड्या ऊन वर आल्यावर पाण्यावर येतात, आणि त्या आल्याही, ‘कुट-रो, कुट-रो’ असा आवाज करत, पंधरा-वीस जणांच्या थव्याने. उडत्या पक्ष्यामागे थंड आकाश असल्याने तो थर्मल दुर्बिणीत कोणत्याही वेळी स्पष्ट दिसतो. उतरल्यावर त्या तापलेल्या चिखलात विरून गेल्या. एका नराने मात्र पाण्यात उतरून पोट बुडवले, अंग हलवत पिसे भिजवली आणि तो काठावर आला, तेव्हा त्याचे सारे पोट पडद्यावर काळेभोर दिसत होते. ओली पिसे हवेपेक्षा थंड असतात म्हणून. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी शोषून पिलांसाठी नेतो, हे मी अनेकदा वाचले होते. ते ओझे किती मोठे असते आणि पोटाचा केवढा भाग त्यासाठी वापरला जातो, याचे मोजमाप डोळ्यांना प्रथमच मिळाले. तो उडाला आणि तो काळा डाग आकाशाच्या पार्श्वभूमीवरही काही क्षण ओळखू येत होता. मेंढ्या घेऊन तलावावर आलेले एक धनगर आजोबा आमच्या मागे उभे राहून हे पाहत होते. पाखरे कोणत्या दिशेला गेली हे त्यांनी काठीने दाखवले, आणि तिथे पिले असतील तर आपला कळप दोन दिवस पलीकडच्या पडीक रानात चारीन, असे आपणहून सांगितले.

रविवार : गंगेवाडीचा माळ

सकाळी आभाळ भरून आले होते. ढगाळ दिवस हा दिवसाउजेडी थर्मल वापरणाऱ्यासाठी पर्वणीच, कारण ऊन नसल्याने दगड, माती आणि गवत यांतला फरक वाढत नाही आणि पहाटेचे चित्र अकरापर्यंत टिकते. गंगेवाडीच्या माळावर त्या सकाळी आम्ही घाई न करता, दर शंभर पावलांवर थांबून, डावीकडून उजवीकडे सावकाश दुर्बीण फिरवत गेलो. मध्येच दुर्बिणीच्या आतली झडप टिकटिकली की चित्र क्षणभर गोठते. संवेदक स्वतःला नव्याने जुळवून घेतो तो हा आवाज असतो, आणि तो पक्ष्यांच्या अगदी जवळ असताना येऊ नये म्हणून काही उपकरणांत हाताने करण्याची सोय असते.

एका हिवराखाली करवानकांची जोडी बसली होती. त्यांचे मोठे डोळे हा पडद्यावरचा सर्वांत उजळ भाग होता आणि लांब पाय पोटाखाली दुमडलेले असल्याने पक्ष्याच्या खालच्या बाजूला एक ऊबदार कड दिसत होती. पुढे उघड्या मुरमावर धाविक सापडले, बसलेले नव्हे तर उभे, आणि त्यांना पाहायला थर्मलची गरज होती असे मी म्हणणार नाही. धावून थांबण्याची त्यांची लकब कसलेल्या डोळ्याला लांबूनही कळते. भोवत्या या शिकारी पक्ष्यांनी रात्र काढलेल्या गवतातल्या जागा मात्र दुर्बिणीशिवाय समजल्या नसत्या. उशिरा उठलेली एक मादी अजून गवतात होती, तिचा चेहरा तेवढा वर होता. ती उडून गेल्यावरही आम्ही त्या जागेजवळ गेलो नाही, कारण भोवत्ये त्याच गवतात रोज रात्री परततात.

साडेअकराला ढग फाटले आणि तासाभरात माळ इतका तापला की अनवाणी पाय ठेववला नसता. तेव्हा मित्राने पुन्हा दुर्बीण काढली आणि उघड्या जमिनीवरच्या एका माळटिटवीकडे रोखली. आता चित्र उलटे होते. जमीन पांढरी आणि टिटवी काळी. तापलेल्या मुरमाचे तापमान पक्ष्याच्या पिसांपेक्षा बरेच वर गेले होते, म्हणून तीच आता थंड वस्तू ठरली होती. दुर्बिणीची रंगसंगती बदलून ‘गरम ते काळे’ केली की तीच टिटवी पुन्हा उजळ दिसू लागते आणि डोळ्याला शोधणे सोपे जाते. म्हणजे भर दुपारीही हे उपकरण अगदीच निकामी होत नाही. जे उजळ ते शोधायचे ही सवय सोडून जे वेगळे ते शोधायचे, एवढे मनाला शिकवावे लागते. मित्राचे गुरुवारचे वाक्य येथे शब्दशः खरे झाले. एक खबरदारी मात्र कायम हवी: दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये, संवेदक कायमचा खराब होऊ शकतो.

दुपारी वनरक्षकांच्या चौकीवर चहा घेताना एका गोष्टीवर बराच वेळ बोलणे झाले. जी दुर्बीण आम्हाला घरट्यापासून दूर राहायला मदत करते, तीच एखाद्या उतावीळ छायाचित्रकाराला घरट्यापर्यंत नेऊ शकते, आणि उठवलेली मादी उन्हात परत येईपर्यंत अंडी भाजून निघतात. वनरक्षकांचे म्हणणे होते की अभयारण्यात हे उपकरण परवानगीशिवाय आणूच देऊ नये. मी त्यांच्याशी सहमत आहे. अभयारण्याबाहेर, शेतांत आणि गायरानांत, ते शेतकऱ्याच्या हाती असावे, कारण बांधावरच्या पक्ष्याचे भवितव्य तिथे त्याच्याच हाती असते. सापडलेल्या घरट्यांच्या जागा आम्ही वहीत लिहिल्या, फोनवर कोणालाही पाठवल्या नाहीत.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. लावा अजून बसून होती, आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांची ज्वारी बुधवारपासून निघणार होती. त्यांचेही बांध आधी पाहून द्याल का, असे ते विचारत होते. मित्राने बुधवारी पहाटे सहाला पोहोचण्याचे कबूल केले, आणि दुर्बिणीची बॅटरी लगेच चार्जिंगला लावली.